आरतीची घंटा आणि उलटी फिर्याद

चातुर्मास लागला तेव्हा सगुणा माळणीनं डोंगराई देवीपुढं हात जोडून नेम धरला होता. चार महिने कुठल्याच पोरावर आवाज चढवायचा नाही. मग ते आपलं असो की परक्याचं! नेम साधा होता, पण गाव हसलं. हसता हसता गोष्ट चांदगिरीच्या वाड्यात पोचली आणि रायभान महाराजांनी सगुणेला दरबारात बोलावलं.

महाराज वैतागलेले होते. भानुराजे आणि मंजुळाराजे ही त्यांची दोन लेकरं रोज देवघरात भांडत. भांडण कशावरून? तर आरतीची घंटा कुणी वाजवायची! एक ओढी, दुसरं हिसकावी, निरांजन विझे आणि आरती अर्ध्यावर राही.

"काय गं, तू म्हणे पोरांवर ओरडत नाहीस?" महाराजांनी मिशीला पीळ दिला. "मग आमचं हे भांडण मिटव. पण ऐक! दुसरी घंटा आणायची नाही. आणली होती, तर कुणाची मोठी वाजते यावरून पुन्हा जुंपली. पाळी लावायची नाही. लावली होती, तर पहिली पाळी कुणाची यावरून केस ओढले! आणि घंटा काढूनही घ्यायची नाही, देवीचा मान आहे तो. आज सांजेच्या आरतीला दोघं हसत उभी राहिली पाहिजेत."

"आणि नाही राहिली तर, महाराज?"

"तर इथंच, भर दरबारात, तू त्यांच्यावर ओरडायचंस. बघू तुझा नेम कसा टिकतो!"

सबंध चातुर्मासाचा नेम, देवीला दिलेला शब्द, आणि तो मोडायचा हट्टी राजाच्या हौसेपायी! सगुणेनं मनातल्या मनात डोंगराईला हाक मारली नि पदर खोचला.

"बरं महाराज. बोलवा लेकरांना."

लेकरं आली ती भांडतच. "घंटा माझी!" "नाही, माझी!" दरबाराचे खांब हादरतील असा गलका! सगुणा काहीतरी बोलली, पण इतक्या हळू की कुणालाच ऐकू आलं नाही.

"ही काय म्हणाली?" भानू थबकला.

"तू ओरडतोयस, मग कसं ऐकू येणार?" मंजू फणकारली. पण तीही गप्प झाली.

"मी म्हटलं, बाळराजे, आज मी न्याय करणार," सगुणा तशीच हळू म्हणाली. "फक्त माझ्या न्यायात फिर्याद उलटी असते. आपली बाजू आपण मांडायची नाही. ताईसाहेबांची बाजू तुम्ही मांडायची, तुमची ताईसाहेबांनी. जो दुसऱ्यासाठी चांगला भांडेल, तो खरा हुशार!"

हुशार कोण, म्हटल्यावर दोघांचेही डोळे चमकले.

"सोप्पं आहे!" भानू म्हणाला. "घंटा मंजूला द्या. झालं!"

"अगंबाई, एवढंच? अशा वकिलाला कोण बोलावील हो? कारण सांगा की!"

दरबार खुदखुदला. भानू डोकं खाजवू लागला, तशी मंजू पुढं सरसावली.

"मी सांगते! घंटा भानूला द्या. कारण... कारण त्याला आरती पाठ होत नाही. तो नुसतं तोंड हलवतो. हातात घंटा असली की कुणी त्याच्या तोंडाकडं बघत नाही. नाहीतर सगळे हसतात, आणि मग तो जेवत नाही."

भानूचे कान लाल झाले. "तुला कसं कळलं गं?"

"मी बघते ना!"

भानूनं मंजूकडं नीट पाहिलं. मग म्हणाला, "घंटा मंजूलाच द्या. ती बुटकी आहे. मागं उभी राहिली की तिला सगळ्यांच्या पाठीच दिसतात. घंटा वाजवणारा पुढं असतो, म्हणून तिला घंटा हवी. तिला देवी बघायची असते."

"खरं का, ताईसाहेब?"

मंजूनं मान डोलावली.

"मग मला सांगा," सगुणा म्हणाली, "देवी बघायला घंटा लागते, की पुढची जागा?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. भानूनं मंजूचा हात धरला. "तू माझ्याशेजारी पुढं उभी राहा. मी घंटा वाजवतो, तू मोठ्यानं आरती म्हण. तुझं ऐकून मीपण म्हणेन!"

"चुकलास तर?"

"तर जोरात वाजवीन!"

दोघं खिदळत देवघराकडं पळाली. सांज झालीच होती. आरती पहिल्यांदाच शेवटापर्यंत झाली. महाराज दारात उभे राहून बघतच राहिले.

"सगुणे, जिंकलीस!" प्रसाद हातात पडल्यावर ते म्हणाले. "ओरडली नाहीस, दटावलं नाहीस. पण ही कार्टी असं भांडायला शिकली तरी कुठं?"

"तुमच्याकडं, आबासाहेब!" तोंडातली खडीसाखर गालात सारत मंजू म्हणाली. "जत्रेत पहिला नारळ कुणी फोडायचा, म्हणून तुम्ही नि काकासाहेब नाही का भांडत? काकासाहेब तर आता येतच नाहीत!"

कारभाऱ्यांनी छताकडं पाहिलं.

सगुणा हळूच म्हणाली, "महाराज, वकिली सोपी आहे. लेकरांनासुद्धा जमली."

महाराजांनी डोळे वटारले. मग घसा खाकरला. "हैबत... हैबतराव लहानपणी तापानं फणफणला होता. आईसाहेबांनी डोंगराईला नवस केला, माझा हैबत वाचू दे, तोच तुला जत्रेतला पहिला नारळ वाहील. मला ठाऊक होतं ते. मी थोरला, म्हणून अडून बसलो." आणि एकाएकी ते खो खो हसत सुटले. "अगं माळणी! मला माझ्याच तोंडून हरवलंस की!"

त्यांनी राणीसाहेबांकडून जरीकाठी लुगडं आणवून सगुणेची ओटी भरवली. डोंगराईच्या जत्रेतली पहिली माळ यापुढं कायम तिच्या घरची, असा मान दिला. मग स्वाराला हाक मारली.

"घोडा काढ! हैबतरावांना सांग, नारळ तुमचा. दादानं भर देवघरात तुमची वकिली केली. आता मुकाट्यानं घरी या, आणि आमचीही करा!"