बत्तिसावी ओळ

रणगाड्यावर चढू नका, एवढं आधी सांगतो. फोटो खालून काढा. तोफेच्या नळीत कुरकुऱ्यांची पाकिटं कोंबू नका, मागच्या रविवारी मी हात घालून सात काढली. हे चिंचखोऱ्याचं शहीद स्मारक उद्यान. मी हवालदार ज्ञानू सपकाळ, निवृत्त. अठरा वर्षं फौजेत काढली, अकरा वर्षं या बागेत. झाडांना पाणी घालतो आणि आल्यागेल्याला माहिती सांगतो.

सहलीला आलेली माणसं आधी रणगाड्याकडे जातात, मग कारंज्याकडे, मग फाटकाबाहेरच्या भेळेच्या गाडीकडे. या कोपऱ्यात कुणी येत नाही. तुम्ही आलात ते करंजाची सावली बघून. आता बसलाच आहात तर समोरचा दगड नीट बघा. पुरुषभर उंच, पिवळट पांढरा, आमच्या मुलखातला नाही. त्यावर बाळबोध अक्षरांत नावं आहेत, पहिल्या मोठ्या लढाईत पडलेल्यांची. मोजाल तर एकतीस नावं, मग वीतभर मोकळी जागा, मग खाली आणखी दहा. त्या मोकळ्या जागी दगड खोलगट झालाय आणि तेलाने चमकतोय. येणारे हात जोडून विचारतात, हवालदार, हा कुठला देव? देव नाही. ती बत्तिसावी ओळ आहे.

असे सांगतात की शंभरावर वर्षांपूर्वी भरतीचा साहेब घोड्यावरून या खोऱ्यात आला आणि त्याने गावोगावच्या पाटलांकडे माणसं मागितली. आमचे अमृतराव पाटील भर सभेत उठले आणि म्हणाले, "पहिलं नाव माझ्या पोराचं लिवा. दौलत अमृतराव." साहेबाने तिथल्या तिथे पाटलांना फेटा बांधला. पाटलाचा पोरगा जातोय म्हटल्यावर गावातली आणि वाड्यांवरची शंभरावर पोरं उठली. माझे आजोबा त्यातलेच एक.

गर्जेल तो पडेल काय! दौलत घरी गेला आणि आईच्या पदराआड जाऊन बसला. दोन दिवस जेवला नाही म्हणे. आता पाटलांची पंचाईत झाली. नाव साहेबाच्या वहीत पडलेलं, फेटा डोक्यावर बसलेला, आणि पोरगं तर उंबरा ओलांडायला तयार नाही.

पाटलांच्या घरी हौसाबाई नावाची विधवा दळणकांडण करायची. पाटलांच्याच बांधावर तिची झोपडी होती. तिला एकच मुलगा, कुशाबा. वयाने दौलतएवढा, उंचीलाही तेवढाच. पाटलांनी मायलेकांना भैरोबाच्या देवळात बोलावलं आणि देवासमोर बेलभंडारा उचलला. म्हणाले, "हौसे, तुजं पोरगं माज्या पोराच्या नावानं जाईल. परत आलं तर त्याचं नाव त्येला दीन, वर झोपडीखालची जागा दीन. न्हाईच आलं, तर त्याचं नाव दगडात कोरीन. चंद्रसूर्य हायेत तवर ऱ्हाईल." कुशाबाला कुणी काही विचारलं नाही. पाटलाला नाही म्हणायची जीभ तेव्हा गावात कुणाला नव्हती. आज आहे असं मी म्हणत नाही.

निघायच्या दिवशी हौसाबाईने त्याला पुढ्यात बसवून डोक्यावर तेल घातलं, तान्ह्या पोराच्या टाळूवर जिरवतात तसं. आणि बजावलं, "दौलत म्हणून हाक आली की वो दे बाबा. वो दिली न्हाईस तर उपाशी ठेवतील."

माझे आजोबा त्याच्याच पलटणीत होते. बोटीवर हजेरी व्हायची तेव्हा दौलतच्या नावाला कुशाबा गप्प राहायचा, मग आजोबा त्याला कोपराने ढोसायचे. हळूहळू त्याला सवय झाली. बसऱ्याच्या वरच्या अंगाला एका नदीच्या काठी त्याला पोटात गोळी लागली, आजोबा शेजारीच होते. तो म्हणाला म्हणे, "जोत्या, एकडाव माज्या नावानं हाक मार की." पलीकडे सुभेदार उभा होता, बदली माणूस आहे हे कळलं असतं तर आजोबांवरही शेकलं असतं. आजोबांनी हाक मारली की नाही, हे त्यांनी मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. मारली असती तर सांगितलं असतं, असं मला वाटतं.

तार आली ती पाटलांच्या घरी. दौलत अमृतराव पाटील लढाईत कामी आला. दौलत तेव्हा माडीवर भाकरी खात होता. पाटलांनी अंगणात बसून जिवंत पोरासाठी छाती बडवली, आणि आठ दिवसांत त्याला मामाच्या गावी धाडून दिलं. सरकारातून वीस एकर जमीन इनाम आली, पोर गमावलेल्या बापाला. तीन वर्षांनी दौलत परत आला तो सरकारच्या लेखी मेलेल्याचा धाकटा भाऊ होऊन; कागदावर नाव दुसरं, गावाच्या तोंडी मात्र दौलतच. गावाला सगळं ठाऊक होतं. गाव म्हणालं, आपल्याला काय करायचंय!

मग हा दगड आला, साहेबाने दुरून मागवलेला. दगड उभा राहिला त्या दिवशी हौसाबाई गर्दी सरेपर्यंत लांब थांबली. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. ती पुढे आली आणि पाटलांना विचारलं, "मालक, माजा कुशाबा कंचा?" पाटलांनी तिचं बोट धरलं आणि बत्तिसाव्या ओळीवर ठेवलं.

"ह्यो."

त्या ओळीत काय लिहिलं होतं ते तुमच्या ध्यानात आलं असेल. दौलत अमृतराव पाटील.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी यायची. काथ्याने ओळ घासायची, पाण्याने धुवायची, मग बोटाने तेल लावायची. ती दगडाशी बोलायची म्हणे. आज नाचणी निवडली, आज शेळी व्याली, असलं काहीबाही. वीस वर्षं. एक दिवस चुकला नाही. गावात वाचता येणारे तेव्हा सहासात जण होते. कुलकर्णी होते, शाळेचे मास्तर होते आणि फौजेत अक्षर शिकून आलेले माझे आजोबा होते. रोज या वाटेने जायचे, ती कुणाच्या नावाला तेल घालते ते वाचायचे आणि पुढे जायचे. आई आपल्या पोराच्या डोक्यावर म्हणून दुसऱ्याच्या डोक्यावर तेल ओतते आहे, आणि तिचं बोट धरून कुणी बाजूला करत नाही! मला हे सांगताना अजून लाज वाटते. पण तेव्हा गप्प बसलेल्यांचाच मी नातू आहे.

बोटाने दगड झिजतो का, असं तुम्ही विचाराल. भैरोबाच्या पायऱ्या बघून या. हा तर मऊ दगड. वीस वर्षांत अक्षरं पुसट व्हायला लागली. तोवर अमृतराव वारले होते आणि दौलतराव पाटील झाले होते. दर वर्षी नोव्हेंबरात, लढाई संपली त्या तारखेला इथे जमायचा रिवाज होता. साहेब यायचा, आणि दौलतराव दगडाला हार घालायचे. स्वतःच्या नावाला स्वतःच हार घालणारा माणूस आमच्याच गावाने पाहिला असेल. तर घराण्याचं नाव पुसट होतंय हे त्यांना दिसलं आणि त्यांनी ओळ पुन्हा खोल करायला एक पाथरवट बोलावला. तो परमुलखातला, त्याला गावचं गुपित काय माहीत!

सकाळी हौसाबाई तेलाची वाटी घेऊन आली तर हा छिन्नीला धार लावत बसलेला. त्याने सहज विचारलं, "म्हातारे, ही वळ कुणी घासली गं?"

"म्या. माज्या ल्येकाची हाय."

पाथरवटाने तिच्या फाटक्या लुगड्याकडे पाहिलं. मग ओळ वाचली. "दौलत अमृतराव पाटील तुजा ल्योक?"

 हौसाबाईने त्याला दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा, एकेका अक्षरावर बोट ठेवून. मग पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळी बेचाळीस नावं वाचून घेतली. कुशाबा कुठेच नव्हता. ती त्याला म्हणाली, "छिन्नी लावू नगंस बाबा. तुजी मजुरी बुडंल, पर लावू नगंस." पाथरवटाने हत्यारं गोळा केली आणि आल्या वाटेने निघून गेला. त्याचं नाव कुणाला माहीत नाही. या गोष्टीत नीट वागलेला पुरुष तेवढा एकच.

पुढे जमण्याचा दिवस आला. साहेब खुर्चीवर, शेजारी दौलतराव, समोर सगळं गाव. हौसाबाई मधोमध येऊन उभी राहिली. तिने आरडाओरडा केला नाही, असेच सगळे सांगतात. ती म्हणाली, "पाटील, तुमच्या बानं बेलभंडारा उचलला हुता. तुमचं नाव म्या वीस वरसं न्हाऊ घातलं. जमीन नगं, जागा नगं. माज्या ल्येकाचं नाव एकडाव तुमच्या तोंडानं घ्या, समद्यांम्होरं. म्हंजी माजं मिटलं."

दौलतराव जमिनीकडे बघत राहिले. ती गावाकडे वळली. एकेकाच्या तोंडाकडे बघत फिरली. माझ्या आजोबांपुढे थांबली आणि म्हणाली, "जोतिबा, तू तर तितं हुतास." आजोबांच्या छातीवर तीन बिल्ले होते. तेही खाली बघत राहिले. साहेबाने विचारलं, म्हातारी काय म्हणते? कुलकर्णी म्हणाले, डोक्यावर परिणाम झालाय.

तेव्हा तिने दगडावर हात ठेवला आणि शपथ घेतली. "खरं लिवायची तुमची छाती न्हाई. ऱ्हाऊ द्या. पर खोटं बी म्या ऱ्हाऊ देणार न्हाई."

त्या दिवसापासून ती तेलाबरोबर विटेचा तुकडा आणू लागली. तीच सकाळची वेळ, तीच ओळ. पाटलांनी अडवलं नाही, कारण अडवायचं तर कारण सांगावं लागलं असतं. नाव झिजत गेलं. पाटील गेलं, अमृतराव गेलं, आणि एके दिवशी ती इथेच, दगडाला टेकून गेलेली सापडली. दौलतमधला 'द' तेवढा शिल्लक होता. तिला उचलायला पुरुष आले. बायका मागे थांबल्या. आणि कुणी काही न ठरवता एकेक बाई पुढे झाली, तिच्या वाटीतल्या तेलात बोट बुडवून त्या अक्षरावर विटकर फिरवू लागली. त्यात माझी आजीही होती. तिरडी बांधून होईपर्यंत तो 'द' राहिला नव्हता. तेव्हापासून चिंचखोऱ्याची लेक सासरी जाताना आणि सून घरात येताना आधी इथे बोटभर तेल लावते. पोरगं फौजेत निघालं की त्याची आई लावते.

त्या ओळीवरचं तेल वैशाखातही सुकत नाही, असे म्हणतात. मी हात लावून पाहिलंय, सुकतं. बायका रोज लावतात म्हणून कळत नाही. बेलभंडारा मोडणाऱ्याचा निर्वंश होतो, असंही म्हणतात. पाटलांच्या घरात आज सात ट्रॅक्टर आहेत, एक पेट्रोल पंप आहे, आणि दौलतरावांचे पणतू या उद्यान समितीचे अध्यक्ष आहेत. देवाला कामं फार असतात.

आता तिकडे बघा, कारंज्यामागे. काळ्या ग्रॅनाइटची भिंत, सोनेरी अक्षरं. उद्यान झालं तेव्हा उभी केली. नावं कागदपत्रांवरून घेतली. गावच्या बायकांनी अर्ज दिला होता, सत्तर अंगठे आणि सह्या. उत्तर आलं की कुशाबा नावाचा कुणी शिपाई पलटणीत नव्हता, पुरावा असल्यास सादर करावा. पुरावा ही खोलगट जागा आहे. ती पाकिटात घालून पाठवता येत नाही. त्यामुळे भिंतीवर बत्तीस नंबरला पुन्हा दौलत अमृतराव पाटील आहेत, आणि आता ग्रॅनाइटमध्ये आहेत.

तुमच्याकडून तिकीट घेत नाही. जाताना एकदा कुशाबा म्हणा, एवढंच मागतो. बघा, रणगाड्यासमोर सगळी बस 'अमर रहे' म्हणून ओरडली, आणि एक साधं नाव घ्यायचं तर तोंडातल्या तोंडात. घ्या हो, मोठ्याने घ्या. तुम्हाला कुणाची भीती आहे?

मला आहे. तेही सांगतो, नाहीतर गोष्ट अर्धीच राहील. आजही दर नोव्हेंबरात सगळं गाव त्या काळ्या भिंतीसमोर जमतं. अध्यक्ष खुर्चीवर बसतात, शहिदाचे वारस म्हणून त्यांना शाल आणि श्रीफळ मिळतं. माइकवरून यादी मी वाचतो. अकरा वर्षं मीच वाचतोय. दर वर्षी घरून ठरवून निघतो की यंदा बत्तिसाव्याला खरं नाव घ्यायचं. एकतीस होतात, मी वर बघतो, अध्यक्ष माझ्याकडे बघत असतात, आणि मी कागदावर आहे ते वाचतो. पुरुष अमर रहे म्हणतात. बायका त्या वेळी भिंतीकडे पाठ करून या दगडापाशी उभ्या असतात, एकेक जण तेल लावत. माझी बायकोही त्यात असते. त्या दिवशी घरी गेल्यावर ती मला ताट वाढते, पाणी ठेवते, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत माझ्याशी एक शब्द बोलत नाही.