गवई आणि पान्हा चोरणारी गाय

डोंगरापलीकडच्या एका गावात एक गवईबुवा राहायचे. गळा असा गोड, की लोक हातातलं काम टाकून ऐकत बसत. बुवा मात्र डोळे मिटून गायचे. समोर कोण बसलंय, कोण उठून गेलंय, त्यांना पत्ता नसायचा.

एका उन्हाळ्यात बुवांची लेक तान्ह्या मुलीला घेऊन माहेरी आली आणि तापानं आडवी पडली. अंगावरचं दूध आटलं. गावची गुरं गवळ्यांसोबत उन्हाळाभर दूर माळावर चरायला गेलेली. दुभती अशी बुवांची एकच गाय दारात होती. नेमकं तिचं वासरू त्याच आठवड्यात गेलं आणि तिनं पान्हा चोरला. थेंब म्हणून देईना! इकडे नात भुकेनं रडून लालबुंद. बुवांचा जीव नुसता वरखाली होत होता.

दुखऱ्या गुडघ्यांपायी गावातच राहिलेली एक म्हातारी गवळण म्हणाली, "बुवा, दुःखात आहे हो ती. तिला आळवायला हवं."

"एवढंच ना?" बुवांची कळी खुलली. "आळवणं म्हणजे आवाजाला चढउतार देत सूर घोळवायचा. आमचा जन्म त्यातच गेला, मावशी!"

गोठ्यात पाट मांडून बुवांनी अशी काही तान घेतली, की आढ्यावरची कबुतरं उडाली. गाय बिचकली. बुवा आणखी वर चढले. गायीनं लाथ झाडली आणि रिकामी चरवी भिंतीवर जाऊन आदळली.

"हिला गाण्यातलं काय कळतंय!" बुवा कडाडले. तेवढ्यात आतून नातीचं रडणं ऐकू आलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "मावशी, आता तुम्हीच बघा."

म्हातारी गायीची मान खाजवत बोलू लागली. "माझी बाय ती... गेलं गं तुझं लेकरू... खरंच गेलं..." आवाज घोगरा, सुराचा पत्ता नाही. नजर मात्र गायीच्या कानांवर. कान ताठले की ती आवाज उतरवायची, सैल पडले की हळूच लांबवायची. मध्येच गप्प बसायची. बऱ्याच वेळानं गायीनं तिच्या खांद्यावर मान टाकली आणि चरवीत पहिली धार वाजली.

नात पोटभर प्यायली आणि झोपली.

"मावशी, चढउतार तर मीही घेतले होते," बुवा ओशाळून म्हणाले.

"घेतलेत की! पण तुम्ही तुमच्या मनानं घेतलेत, बुवा. मी तिच्या मनानं घेतले."

संध्याकाळी धार काढायच्या वेळी बुवा एकटेच गायीजवळ जाऊन उभे राहिले. गाण्याआधी ते डोळे उघडे ठेवून तिच्या कानांकडे बघत राहिले.

तात्पर्य काय, तर ज्याला आळवायचं, त्याच्याकडे आधी नीट बघावं. आवाज कुठं चढवायचा आणि कुठं उतरवायचा, ते तोच सांगतो.