डावा खांदा

“खरं सांगा वस्ताद... डाव्या खांद्याला माती दिसते का?”

बिरदेव पाठमोरा उभा होता. दस्तगीर वस्तादांनी डोळे बारीक करून बघितलं. उजवा खांदा तांबड्या मातीनं माखलेला. डावा कोरा.

“नाही.”

दोन्ही खांदे टेकले तरच पैलवान चीत. बिरदेवचा एकच टेकला होता, तरी पंचानं शिट्टी फुंकून समोरच्याचा हात वर केला. त्याला आज तिसरा दिवस. तेव्हापासून बिरदेवनं अंगावर पाणी घेतलं नव्हतं, सदरा चढवला नव्हता. जो भेटेल त्याला पाठ दाखवायची. झोपही बसूनच. जरा कलंडला की दचकून उठे, आणि खांदा चाचपायचा धीर न होऊन तसाच बसून राही.

तालमीतली पोरं म्हणत, बिऱ्या, फोटोला बसवतात तशी खांद्याला काच बसवून घे.

उद्या पुन्हा कुस्ती होती. पंच तोच.

“भ्या वाटतंय, वस्ताद.”

“हरायचं?”

“नाही... या हाताचं. पुन्हा तसंच झालं तर हा पंचावर उठेल. मग कुठली तालीम मला दारात उभं करणार नाही. मला दुसरं येतंय काय?”

त्यानं उजवी मूठ डाव्या हातानं धरून ठेवली होती.

वस्तादांनी त्या मुठीकडे बघितलं.

“मी आखाड्याच्या कडेलाच होतो, बाळा. तुझा खांदा टेकला नव्हता.”

तीन दिवस हेच ऐकायला तो दारोदार फिरला होता. त्याचे डोळे भरून आले.

“मग पंचाला सांगा की.”

“सांगितलं.”

“मग?”

“निकाल तोच.”

...

वस्ताद तालमीतल्या मातीच्या हौद्यात उतरले. त्यांनी मूठभर माती उचलली आणि तान्ह्या लेकराला तेल लावावं तशी, सावकाश, बिरदेवच्या डाव्या खांद्याला चोळली.

बिरदेव मान वळवून खांद्याकडे बघत राहिला. दोन्ही खांदे आता सारखेच तांबडे.

“वस्ताद... आता मी लोकांना काय दाखवू?”

वस्तादांनी वाकून हौद्यातले दोन खडे वेचून बाहेर टाकले. तळहातानं माणूसभर जागा सारखी केली.

“ये. पाठ टेक. नीज जरा.”