हौसाबाईने फोडलेली भिंत

फार वर्षांपूर्वी, घाटात गाडीवाटही नव्हती तेव्हा, चिंचकडा डोंगराच्या पायथ्याशी धनगरांची एक वाडी होती. त्या वाडीत हौसा नावाची सून होती. डोंगर साऱ्या वाडीचा. कुणी तिथून गवत आणी, कुणी लाकूड, कुणी मध. हौसा दगड आणायची.

ओढ्यात तिला काळे दगड सापडत. वरून करपलेल्या नाचणीच्या भाकरीसारखे, पण फुटका हाती आला की आत पांढरी फुलं, नाहीतर हिरव्या काचेसारखे खडे.

"आत्याबाई, दगडाच्या पोटात हे कोण ठेवतं?" ती सासूला विचारायची.

"मला काय ठावं? शेळ्या बघ, पार कड्यावर गेल्या!"

तिचा नवरा बिरू हसायचा, पण तिच्या दगडांना त्याने कधी पाय लावला नाही. झोपडीभोवती ते मांडलेले असत. असं म्हणतात, की त्यांच्या लखलखाटाने अवसेलाही त्या झोपडीला दिवा लागत नसे.

मग एका वर्षी पाऊसच झाला नाही. झरा आटला, शेळ्या मरू लागल्या, आणि पंचांनी वाडी हलवायचं ठरवलं. भांडीकुंडी बांधून झाली. हौसाच्या मनाला मात्र एकच रुखरुख होती. हे दगड येतात कुठून, ते न कळताच जायचं?

ती कोरड्या ओढ्यातून वर निघाली. खाली दगड गोल, गुळगुळीत होते. वर जावं तशा त्यांच्या कडा धारदार झाल्या. हौसाच्या ध्यानात आलं, लांबून गडगडत आलेला झिजतो, धारेचा आहे तो घराजवळचा. ती धार शोधत चढत राहिली. कड्याखाली एका दगडाने तिचं बोट कापलं, आणि तिथेच समोर कपार दिसली. तिने कान लावला. असं म्हणतात, आत डोंगर घोट घेत होता.

ती सरपटत आत शिरली. उन्हाची तिरीप आत पडली होती, आणि सगळी गुहा आतून फुललेली होती, हिरवी, गुलाबी, पांढरी. पलीकडे स्फटिकांची आरपार दिसणारी भिंत, आणि भिंतीमागे पाणी. थेंब थेंब झिरपत पाण्यानेच हे सगळं वाढवलं होतं.

ती धावत खाली गेली आणि बिरूला पहार घेऊन वर आणलं. त्याने आत पाहिलं आणि पहार खाली टेकवली.

"हौसे, माझ्याच्यानं हे फोडवणार नाही गं."

"मग दे इकडं," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "वाडी तहानलीय."

तिने डोळे मिटून घाव घातला. पाणी असं उसळलं की दोघं भिजून बाहेर फेकली गेली. असं म्हणतात, त्या दिवशी ओढा रंगीत वाहिला, आणि तहानलेल्या शेळ्याही क्षणभर न पिता बघत राहिल्या.

वाडी हलली नाही. पण लोक हातोडे घेऊन कपारीशी जमले, तेव्हा हौसा आडवी उभी राहिली.

"पाण्यानं वाहून आणलं ते तुमचं. मुठीत मावंल तेवढं न्या. भिंतीला आहे त्याला हात लावू नका, ते अजून वाढतंय."

आजही दर चैत्रात वाडी झऱ्यातला गाळ काढायला वर जाते. ज्याला दगड हवा त्याने वाहून आलेला एकच उचलायचा, कपारीशी वाकायचं आणि म्हणायचं, "हौसाबाई, एक नेतो गं."

मग गप्प उभं राहायचं. आतून पाणी वाजलं, तरच दगड घरी न्यायचा.