बारा पावलांची वाट

एकदा एका गृहस्थाने आपल्या हाताने आपल्या घरापुढे वाट घातली, आणि तीन पावसाळे सरतात न सरतात तोच त्या वाटेवर त्याची आई पडली.

गृहस्थाचे नाव सदानंद. नाव सदानंद असले तरी त्या दिवसापासून त्याच्या चेहऱ्यावर आनंदाचा मागमूस राहिला नव्हता. फाटकापासून उंबऱ्यापर्यंत मोजून बारा पावलांची ती वाट. मुलीच्या साखरपुड्याला पाहुणे येणार म्हणून त्याने पेव्हर ब्लॉक आणले, माती जरा सारखी केली, वर वाळू पसरली आणि दोन दिवसांत ब्लॉक बसवून मोकळा झाला. लाल आणि करड्या रंगाची नक्षी इतकी देखणी उतरली की पाहुण्यांनी तिच्यावर उभे राहून फोटो काढले. पुढे कुठे एखादा ब्लॉक खचला, कुठे एखादा वर आला. पण आपल्याच हातचे काम, त्यातले उणे कोण पाहतो? भाद्रपदातल्या एका सकाळी आई फाटकाबाहेरची फुले काढून परतत होती. तिचे पाऊल अडले आणि ती खुब्यावर पडली.

डॉक्टरांनी विचारले, शेजाऱ्यांनी विचारले, बहिणीने विचारले, "कसं झालं?" सदानंदाने सर्वांना एकच उत्तर दिले, "आईचं लक्ष नव्हतं." आईही खाटेवरून म्हणाली, "हो बाबा, माझंच लक्ष नव्हतं." ते ऐकून त्याला क्षणभर हायसे वाटले. त्यानंतर मात्र रोज जेवताना घास तोंडात फिरू लागला.

शस्त्रक्रिया झाली. आई शालनकडे, म्हणजे सदानंदाच्या बहिणीकडे राहिली आणि हळूहळू वॉकर धरून चालू लागली. "पुन्हा पडल्या तर उठणं कठीण आहे," असे डॉक्टरांनी बजावले होते. इकडे आईचा निरोप होता, "घरी येईन तर माझ्या पायांनी येईन. मला उचलून कुणी न्यायचं नाही." तिला यायला आता नऊ दिवस उरले होते. सदानंद रोज सकाळी त्या वाटेवर जाऊन उभा राही.

शेवटी तो म्हादबा मिस्त्रींकडे गेला. देवळांच्या आवारांत आणि नदीच्या घाटांवर फरसबंदी करण्यात या वृद्धाचे आयुष्य गेले होते. तरुणपणी सदानंद त्यांच्या हाताखाली सात महिने शिकला होता, आणि आठव्या महिन्यात आपल्याला सगळे येते असे वाटून निघून आला होता. असे शिष्य प्रत्येक गुरूच्या वाट्याला येतात. आपणही कुणाचे तरी तसलेच शिष्य आहोत, हे जरा आठवले तर ध्यानात येईल. मिस्त्रींनी जुना विषय काढला नाही. ते आले, फाटकाशी चपला काढल्या आणि अनवाणी पायांनी त्या वाटेवरून एकदा गेले, एकदा आले.

"आई पडली कुठं?" त्यांनी विचारले.

"इथंच... मधे कुठंतरी." सदानंदाने हात हवेत फिरवला.

मिस्त्रींनी त्या हाताकडे पाहिले. "बरं," ते म्हणाले. "सगळं उचल."

पहिला दिवस ब्लॉक उचलून भिंतीशी रचण्यात गेला. दुसऱ्या दिवशी वीतभर खोल माती काढायची होती. मिस्त्रींनी फाटकाकडून सुरुवात केली. "घराकडची बाजू मी घेतो, तुम्हाला वाकायला त्रास नको," असे म्हणत सदानंदाने मोठा भाग स्वतःकडे घेतला आणि घाईघाईने उरकला. मग मुरमाचा चार बोटे थर, त्यावर पाणी, त्यावर धुम्मस, म्हणजे जमीन ठोकायचे ते जड लोखंडी वजन. पुन्हा थर, पुन्हा पाणी, पुन्हा धुम्मस. पावसाचे पाणी उंबऱ्याकडे वळू नये म्हणून घराकडून फाटकाकडे किंचित ढाळ ठेवला. ब्लॉक पुढेमागे सरकू नयेत म्हणून दोन्ही कडांना दगड गाडले. सदानंदाच्या तळहातांना फोड आले. चार दिवस संपले आणि एक ब्लॉकही बसला नव्हता.

"बाबा, आता ब्लॉक घेऊ?" त्याने विचारले.

"आता वाट पाहा," मिस्त्री म्हणाले आणि घरी गेले.

पाचव्या दिवशी सकाळी ते आले, उंबऱ्याजवळ एक कळशी पाणी ओतले, पायरीवर बसून राहिले आणि उन्हे तापली तसे उठले. सदानंदाने विचारले तेव्हा तेच उत्तर, "वाट पाहा." सहाव्या दिवशीही कळशीभर पाणी, तीच पायरी, तेच दोन शब्द. सदानंदाचा जीव टांगणीला लागला. म्हातारपणी यांची बुद्धी चळली की काय, असेही त्याच्या मनात येऊन गेले. ब्लॉक समोर रचलेले, वाळू चाळून ठेवलेली, आणि हे गृहस्थ मातीला पाणी घालून बसलेत! तो फाटकापर्यंत जाई, परत येई, दिवस बोटांवर मोजी आणि पुन्हा फाटकापर्यंत जाई.

तेवढ्यात शालनचा फोन आला. "दादा, आई परवाच निघायचं म्हणतेय. दोन घास धड खात नाही. नुसतं घर, घर चाललंय. मी काही तिला अडवू शकत नाही बघ."

फोन ठेवला आणि सदानंदाचा तोल सुटला. "बाबा, वाट पाहा, वाट पाहा म्हणत तुम्ही माझे दोन दिवस घालवलेत! आई परवा येतेय. आता माझी वाट लागायची वेळ आली!"

म्हातारबा हसले. "अरे लेका, मी तुला थांब म्हणालो का? वाट पाहा म्हणालो. दोन दिवस तू फाटकाकडं बघितलंस, घड्याळाकडं बघितलंस, त्या फोनकडं तर किती वेळा बघितलंस. वाटेकडं एकदा तरी बघितलंस का? ये, बस इथं."

सदानंद पायरीवर बसला. मिस्त्रींनी पुन्हा कळशी ओतली. पाणी ढाळावरून शहाण्यासारखे फाटकाकडे निघाले. चार पावले गेले. तिथे ते रेंगाळले, एका जागी फिरले, दोन-तीन बुडबुडे आले आणि पाणी दिसेनासे झाले. फाटकापासून मोजली तर ती आठव्या पावलाची जागा होती.

"कुठं गेलं पाणी?" मिस्त्रींनी विचारले.

सदानंदाने भिंतीशी रचलेल्या ब्लॉकांकडे मान वळवली.

"तुला ठाऊक आहे," मिस्त्री हलकेच म्हणाले.

"शेवगा होता तिथं," सदानंद म्हणाला. एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबता येईना. "साखरपुड्याच्या वेळी वाटेच्या आड येत होता म्हणून काढला. मोठा खड्डा पडला. घाई होती. नारळाच्या करवंट्या, फुटक्या विटा, सिमेंटची रिकामी पोती, हाताला आलं ते टाकलं आणि वरून माती ओढली. आई तिथंच पडली. त्या दिवशी खणताना करवंट्या लागल्या कुदळीला. तुम्ही इकडं यायच्या आत मी वर मुरूम लोटला."

"का रे?"

"तुम्ही बघितलं असतं म्हणून. मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो, आईचं लक्ष नव्हतं म्हणून."

मिस्त्रींनी रिकामी कळशी पायरीवर ठेवली. मग म्हणाले, "सदा, ब्लॉक टणक असतो, तो सहसा फुटत नाही. वाट खचते ती त्याच्या खाली. आणि खाली काय आहे ते घालणाऱ्या एकट्याला ठाऊक असतं. चालणारा बिचारा वरची नक्षी बघतो आणि भरवशानं पाऊल टाकतो. आई पुन्हा पडेल याची तुला भीती आहे, ती खोटी नाही. पण खड्डा उघडा पडेल याची त्याहून जास्त होती, म्हणून तू तोच खड्डा दुसऱ्यांदा झाकलास. भ्यालेल्या माणसाचे हात आधी झाकायला जातात. तुझ्या घाईचं कारण फोन नव्हता, हा खड्डा होता. आता ऊठ. तळ लागेपर्यंत उपस."

सदानंदाने तळ लागेपर्यंत उपसले. करवंट्या निघाल्या, पोती निघाली, शेवग्याचे कुजलेले एक मूळही निघाले. मग खालपासून थर देत, पाणी मारत, धुम्मस घालत त्याने खड्डा भरत आणला. सातवा दिवस त्यातच मावळला. आठव्या दिवशी पहाटेपासून गुरुशिष्यांनी वाळू पसरून दोन्ही बाजूंनी ब्लॉक बसवत आणले. आठव्या पावलाची दोन हात जागा तेवढी उरली, आणि फाटकाशी रिक्षा थांबली.

"बाबा, फळी टाकू का वर? दिसणार नाही," सदानंद कुजबुजला.

"दिसू दे," मिस्त्री म्हणाले.

आई उतरली. शालनने पुढे केलेला हात तिने बाजूला सारला, वॉकर धरला आणि चालू लागली. सदानंद तिच्या शेजारून उलटा उलटा चालत होता. एक, दोन, तीन. त्याचा श्वास तिच्या पावलांबरोबर अडत होता. सात झाली. उघड्या मातीपाशी वॉकर थांबला.

"आई," सदानंद म्हणाला, आणि शालन ऐकते आहे हे ठाऊक असूनही त्याने आवाज खाली केला नाही. "तुझं लक्ष होतं. चूक माझी होती. इथला खड्डा मी कधी नीट भरलाच नव्हता."

आईने जमिनीकडे पाहिले, मग त्याच्याकडे. "मला ठाऊक आहे. शेवगा मीच नव्हता का लावला?"

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"वाट पाहत होते," आई म्हणाली.

तिने वॉकर उचलला, ठोकलेल्या मातीवर टेकवला आणि सगळा भार त्यावर टाकला. जमीन हलली नाही. उरलेली पावले सदानंदाने मोजली नाहीत, कारण त्याला समोरचे नीट दिसत नव्हते. मिस्त्री फाटकाशी चपला घालत होते.

आपण घातलेल्या वाटेवर आपली माणसे भरवशाने पाऊल टाकत असतात. तिच्यावर कधीतरी कळशीभर पाणी ओतून आपणच पाहत बसावे.