टिंबीची चतकोर भाकरी

शेवग्याच्या बुंध्याशी एक बीळ. बिळात कोण? इटुकली उंदरी आणि तिची तीन पिल्लं. गोंडू, बोंडू आणि धाकटी टिंबी.

वरच्या फांदीवर कावळेदादा. काल त्याच्याकडे पाहुणे आले. त्यानं इटुकलीकडून भाकरी उसनी नेली. आधी नेली अर्धी. मग नेली चतकोर.

आज त्यानं परत दिल्या दोन चतकोर. एक गोंडूला. एक बोंडूला. टिंबीला काहीच नाही. टिंबी मुसमुसू लागली. इटुकलीला अगदी गलबलून आलं.

तुरुतुरु, तुरुतुरु. इटुकली फांदीवर गेली.

"दादा, कमी दिलंस."

"दोन तुकडे नेले. दोन तुकडे दिले. कमी कसं गं?"

लबाड नव्हता हो बिचारा! मोठा तुकडाही एक, छोटा तुकडाही एक, असंच तो मोजायचा.

"आधी सगळे तुकडे सारखे कर. मग मोज," इटुकली म्हणाली.

कावळ्याकडे अजून अर्धी भाकरी होती. पण चोचीनं ती वाकडीतिकडी तुटायची. विळीला आण, म्हणाला.

तुरुतुरु, तुरुतुरु. इटुकली विळीकडे गेली.

"कावळा मोजेना,
टिंबीला घास मिळेना."

विळी म्हणाली, मी बोथट. दगडाला सांग, धार लाव.

तुरुतुरु, तुरुतुरु. इटुकली दगडाकडे गेली.

"विळी कापेना,
कावळा मोजेना,
टिंबीला घास मिळेना."

दगड म्हणाला, मी सुका. माठातलं पाणी आण.

तुरुतुरु, तुरुतुरु. इटुकली माठाकडे गेली.

"दगड घासेना,
विळी कापेना,
कावळा मोजेना,
टिंबीला घास मिळेना."

माठ म्हणाला, झाकण जड. खारूताईला बोलाव.

तुरुतुरु, तुरुतुरु. इटुकली खारूताईकडे गेली.

"माठ उघडेना,
दगड घासेना,
विळी कापेना,
कावळा मोजेना,
टिंबीला घास मिळेना."

खारूताई म्हणाली, "बाळ झोपत नाही गं. कशी येऊ?"

इटुकलीनं बाळाला कुशीत घेतलं. थोप थोप, थोप थोप. तिकडे आपली टिंबी रडत असेल, तिला वाटलं. तरी ती थोपटत राहिली.

बाळ झोपलं. खारूताई आली. झाकण उघडलं. इटुकलीनं शेपूट बुडवलं, डुबुक! दगड भिजला. विळी घासली, खर्र खर्र! अर्धी भाकरी कापली, खस्स!

झाले दोन तुकडे. दोन्ही चतकोर. दोन्ही सारखे.

"अर्धी म्हणजे दोन चतकोर," इटुकली म्हणाली. "वर नेलीस आणखी एक."

कावळ्यानं मोजलं. नेल्या तीन. दिल्या दोन. राहिली एक.

"चुकलंच माझं, इटुकले," तो म्हणाला. एक चतकोर त्यानं ठेवली. दुसरी स्वतः खाली नेऊन टिंबीला दिली.

टिंबीनं डोळे पुसले. भाकरी हातात धरली. मग आईच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. तिनं भाकरीचे दोन तुकडे केले आणि शेजारी शेजारी ठेवले.

"आई, सारखे आहेत ना?"

आईनं तिला जवळ घेतलं. मग दोघी जेवायला बसल्या.