जालिंदरनानांची जयंती

हेडबाईंच्या अधिकारातली एकच सुट्टी उरली होती आणि तिच्यावरून शाळेच्या व्हरांड्यात पालकांची जुंपली होती. वरची आळी म्हणे, “भैरोबाच्या पालखीला द्या.” खालची म्हणे, “दुसऱ्या दिवशीच्या कुस्त्यांना द्या. पालखी काय, शाळेच्या दारावरूनच जाते!”

तेवढ्यात गावचे पुढारी जालिंदरनाना मान ताठ करून उठले. “भांडू नका. त्याच आठवड्यात माझा वाढदिवस आहे. बाई, त्याचीच सुट्टी यादीत घाला.”

शाळेच्या नव्या छपराचं काम नानांच्याच हातात होतं, त्यांना नाही कोण म्हणणार?

दहिफळे हेडबाईंनी लगेच पेन उघडलं. “घालते की, नाना. पण यादीत कुणाचा वाढदिवस नसतो, मोठ्या माणसांची जयंती असते. ‘जालिंदरनाना जयंती’ लिहू?”

नानांची छाती फुगली. “लिहा, लिहा!”

“लिहिते. फक्त एकच अडचण आहे. जयंती गेलेल्या माणसाची होते, आणि तुम्ही तर आम्हाला शंभर वर्षं हवे आहात. मग कसं करू?”

व्हरांडा हसून लोळला. नानांचा हात आपसूक गळ्याकडे गेला, जणू त्यांच्या फोटोलाच हार पडला होता.

“खोडा ते आधी!” नाना ओरडले. “अर्धा दिवस पालखीला द्या, अर्धा कुस्त्यांना. मला आपला वाढदिवसच बरा!”

दोन्ही आळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हेडबाईंनी पेनाला टोपण लावलं. खोडायला कागदावर त्यांनी अजून काही लिहिलंच नव्हतं.